ज्याने घासले, त्याने तपासायचे नाही

स्टुटगार्टच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा दुपारी परिसंवाद ठेवला होता. यंत्रे माणसांची कामे घेणार असतील, तर काम असो वा नसो, प्रत्येकाला दरमहा ठरावीक उत्पन्न सरकारने द्यावे का, असा विषय होता. त्या परिसंवादात माझी गोष्ट दोन वक्त्यांनी सांगितली. मी पहिल्याच रांगेत बसलो होतो आणि मला अजून उत्तम ऐकू येते. दोघांनीही ती चुकीची सांगितली. मग अध्यक्षांनी समारोपात ती तिसऱ्यांदा सांगितली, तीही चुकीचीच. त्यामुळे दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहाव्यात म्हणून संपादकांनी गळ घातली, तेव्हा मी एकाच अटीवर होकार दिला. माझी गोष्ट मी सांगेन, आणि तिच्यातला एकही शब्द कोणी मऊ करायचा नाही.

पहिला वक्ता निखिल, मूळचा चिंचवडचा, इथे जवळच गेर्लिंगेनला नोकरी करणारा हुशार इंजिनिअर. तो म्हणाला, "तावरेकाकांच्या फॅक्टरीत हेच झालं. रोबो आले आणि पंचावन्नच्या पुढच्यांना घरी बसून पगार दिला. काकांचा एक जर्मन मित्र होता. दोन वर्षांत माणूस संपला. फुकटचा पैसा माणसाला खातो."

दुसरी ऋचा, सांगलीची, इथे स्टुटगार्टला पीएचडी करते. ती म्हणाली, "आल्झो, म्हणजे मी नेमकं उलटं ऐकलंय. त्या आजोबांनी बाग फुलवली. पोटाची काळजी मिटली की माणूस मोकळा होतो. गेनाऊ, अगदी हाच तर मुद्दा आहे."

आणि अध्यक्ष म्हणाले, की दोन गटांच्या भांडणाला लोक कंटाळले असताना काकांनी तिसरी वाट काढली, आणि आपल्या हाताची कला यंत्राला द्यायला बाणेदारपणे नकार दिला.

मी उठून उभा राहिलो. "तो मित्र, एर्विन, जिवंत आहे," मी म्हणालो. "काल सकाळी ट्रामच्या थांब्यावर उभा होता. हातात कोबीची रोपे होती."

सभागृह हसले. निखिल शरमला. "सॉरी काका, मला वाटलं..."

"आधी माणूस जिवंत आहे की नाही ते पाहावे, मग त्याचे उदाहरण द्यावे."

एवढे बोलून मी बसलो. उरलेले आता लिहितो.

माझा व्यवसाय स्क्रेपिंगचा. मशीन बनवणाऱ्या कारखान्यांबाहेर हा शब्द कोणाला माहीत नसतो, म्हणून थोडे सांगतो. ग्राइंडिंग मशीनचा पाया म्हणजे ओतीव लोखंडाचा एक लांबलचक बेड असतो. त्यावरून मशीनचा टेबल पुढेमागे सरकतो. बेड जितका सपाट, तितके मशीन खरे. आता तुम्ही म्हणाल, की सपाट करायला यंत्रे आहेत. आहेत; पण यंत्राने गुळगुळीत केलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर ते एकमेकांना चिकटतात, तेल मध्ये टिकत नाही आणि टेबल अडखळत सरकतो. म्हणून शेवटचा हात माणसाचा लागतो. एका प्रमाण पट्टीला निळ्या रंगाचा, म्हणजे ब्लूचा, पातळ लेप द्यायचा, ती बेडवर फिरवायची आणि उचलायची. जिथे बेड उंच असतो तिथे निळे लागते. तेवढाच ठिपका स्क्रेपरने खरवडायचा; केसाच्या जाडीचे पन्नास भाग करावेत आणि त्यातला एक काढावा, इतकाच. पुन्हा ब्लू, पुन्हा स्क्रेपर. असे तीस वेळा, चाळीस वेळा. शेवटी सगळ्या बेडवर निळे ठिपके सारख्या अंतराने उमटतात, रात्री उघड्या माळावर आभाळ दिसावे तसे, आणि प्रत्येक दोन ठिपक्यांच्या मध्ये तेलाला बसायला जागा उरते.

हे काम मी पुण्याच्या कारखान्यात शिकलो. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मला इकडे पाठवले होते. सहा महिने संपले तेव्हा इथल्या कारखान्याने मला ठेवून घेतले. माझ्या मेहुण्यांच्या मते माझी कोणा वरिष्ठाशी ओळख होती. माझी ओळख एका बेडशी होती, आणि त्या बेडच्या दुसऱ्या टोकाला एर्विन होता.

चार मीटरचा बेड एकट्याने होत नाही. दोघे दोन टोकांनी सुरू करतात आणि मध्ये भेटतात. पस्तीस वर्षे आम्ही मध्ये भेटत होतो. पहिल्या वर्षी मला त्याची स्वाबियन बोली कळत नसे आणि त्याला माझी जर्मन, पण त्याच्या स्क्रेपरचा आवाज मला कळे. तो दमला की आवाज किंचित लांबे. तो चिडला की तोकडा होई. एका सोमवारी त्या आवाजावरून मी त्याला विचारले, "घरी काही झाले का?" त्याच्या पत्नीचे निदान आदल्या शुक्रवारी झाले होते, आणि त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते. तो मला गाजा म्हणे. गजानन त्याच्या जिभेला पेलले नाही.

आमच्या कामात एक रीत होती. ती कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नव्हती, पण मोडलेली मी कधी पाहिली नाही. ज्याने घासले, त्याने तपासायचे नाही. माझ्या बाजूला शेवटचा ब्लू एर्विन लावणार, त्याच्या बाजूला मी. कारण स्वतःचा पृष्ठभाग तपासताना हात आपोआप पट्टी तिथेच दाबतो, जिथे आपल्याला निळे लागायला हवे असते. हे लबाडीने होत नाही. प्रामाणिक माणसाच्याही हातून होते, किंबहुना प्रामाणिक माणसाच्या हातून अधिक होते, कारण त्याला आपल्या हाताचा संशय येत नाही. तपासणाऱ्याने पृष्ठभाग पसंत नसेल तर एकच शब्द बोलायचा: "अजून." पसंत असेल तर काहीच बोलायचे नाही, फडके उचलायचे आणि निळे पुसून टाकायचे. या मुलखात शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झाले, असे मानतात. एर्विनने फडके उचलले की माझा दिवस सोन्याचा होई.

गिऱ्हाइकांच्या कथा पुष्कळ आहेत, एकच सांगतो. काळ्या जंगलाच्या, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या, बाजूला घड्याळाचे सुटे भाग करणारा एक कारखानदार होता. त्याची तक्रार, की मशीन रोज अकरा वाजता बिघडते आणि दोन वाजता आपोआप सुधारते. दोन इंजिनिअर जाऊन आले होते. मग आम्हाला पाठवले. एर्विनने स्टूल मागितले आणि मशीनसमोर बसला. मालक येरझारा घालत होता. "तुम्ही काही करणार आहात का?" त्याने विचारले. "करतो आहे," एर्विन म्हणाला. अकराला पाच कमी असताना छपराजवळच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला आणि बेडच्या डाव्या टोकावर पडला. लोखंड तापले की फुगते. चार मीटरच्या बेडला तेवढे ऊन पुरते. एर्विन उठला आणि म्हणाला, "पडदा लावा." मालक भयंकर संतापला, एवढ्या मोठ्या मशीनवर पडद्याचा उपाय त्याला अपमान वाटला. शेवटी त्याच्या बायकोने घरातून चेरींच्या चित्रांचा स्वयंपाकघराचा पडदा आणून लावला. काही वर्षांनी मी पुन्हा तिकडे गेलो, तेव्हा मशीन घड्याळाच्या काट्यासारखे चालत होते आणि चेरी फिकट झाल्या होत्या.

आता त्या तिसऱ्या वाटेविषयी.

जर्मनीत कारखान्यातले कामगार आपली समिती निवडतात, तिला बेट्रीब्सराट म्हणतात. माझा पासपोर्ट भारतीय होता, त्यामुळे देशाच्या निवडणुकीत मला मत नव्हते. कारखान्याच्या निवडणुकीत मात्र होते. म्हणून मी ते मत फार जपून वापरी. आमच्याकडे दोन याद्या असत. एक युनियनची, दुसरी स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्यांची. नऊ जागा, कधी यांच्या पाच, कधी त्यांच्या पाच. अध्यक्ष बदले, सूचनाफलकाचा रंग बदले, बाकी काही बदलत नसे. या देशातही पक्ष बरेच आहेत, तरी वर्षानुवर्षे लोक फिरून त्याच दोन मोठ्यांपाशी येतात आणि आल्यावर कुरकुरतात. तसेच ते होते. न्याहारीच्या सुट्टीत मी यावर इतका बोले, की एकदा एर्विनने डबा बंद केला आणि म्हणाला, "गाजा, एक तर उभा राहा, नाहीतर मला जेवू दे."

मी उभा राहिलो. तिसरी यादी काढली. यादीत दोन नावे होती: पहिले माझे, दुसरे एर्विनचे. त्याला समितीत जायचे नव्हते. माझे नाव एकटे दिसू नये म्हणून त्याने सही केली. निकाल लागला: चार, चार आणि एक. तो एक मी.

परिसंवादाच्या अध्यक्षांनी इथवरची गोष्ट बरोबर सांगितली होती. पुढची ऐका.

वर्षभराने व्यवस्थापनाने प्रस्ताव आणला. स्क्रेपिंग करणारे यांत्रिक हात घ्यायचे होते. त्यांना शिकवण्यासाठी माणसाच्या हाताच्या हालचाली नोंदवायच्या, आणि त्याला समितीची संमती लागते. मोबदल्यात कोणालाही काढणार नव्हते. पंचावन्नच्या पुढच्यांनी घरी जावे आणि निवृत्तीवेतन सुरू होईपर्यंत बहुतेक पगार घ्यावा. काम नाही, अट नाही, हजेरी नाही. ऋचा आणि निखिल ज्यावर वाद घालत होते, ते आमच्या चौतीस जणांच्या वाट्याला आधीच आले होते.

युनियनची यादी म्हणाली, नाही. दुसरी म्हणाली, हो. दोन्ही याद्या आठवडाभर माझ्याभोवती फिरत होत्या. ज्यांनी पंधरा वर्षांत मला कॉफी विचारली नव्हती, ते केक घेऊन येऊ लागले. चर्चा गुप्त ठेवण्याचे बंधन होते. मी बसून कागद वाचले, तीन कलमे बदलायला लावली, पगाराचा हिस्सा वाढवून घेतला आणि हो म्हणालो. हे मी आजही अभिमानाने सांगतो. नाही म्हटले असते तर काही वर्षांत कारखाना दुसरीकडे गेला असता आणि चौतीस जणांच्या हाती काहीच पडले नसते. हालचाली नोंदवायला एक माणूस दोन वर्षे लागणार होता. त्यासाठी मला ठेवून घेणार हे मला मतदानानंतर कळले.

म्हणजे अध्यक्षांनी सांगितलेला तो बाणेदार नकार कधी झालाच नाही. मी हात दिला, आणि सगळा दिला. येना शहराहून एक संशोधक बाई येत. त्यांनी मला तारा लावलेले हातमोजे चढवले आणि डोक्यावर कॅमेरा बांधला. मी काहीही लपवले नाही; आपली कला अर्धी देणारा माणूस मला चोर वाटतो. त्या फार चिकाटीच्या होत्या. "इथे तुम्ही थांबलात. का?" असे विचारीत. मी म्हणे, "हाताला कळले." त्या तसे लिहीत नसत, त्या लिहीत, "कारण अज्ञात." दोन वर्षांत त्या शब्दांनी त्यांची एक वही भरली असेल.

आणि यांत्रिक हात चांगले काम करतात. माझ्या वयाचे लोक मान हलवून म्हणतात, की माणसाची सर नाही. खोटे आहे. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी त्यांचा ठिपका सारखाच पडतो; माझा पडत नसे. एका बेडवर दोन हात दोन टोकांनी येतात आणि मध्ये भेटतात. वरून कॅमेरा पाहतो. मी शेवटच्या दिवशी तिथे बराच वेळ उभा होतो. काम बिनचूक होते. फक्त कोणी कोणाला "अजून" म्हणत नव्हते.

एर्विन अठ्ठावन्न वर्षांचा होता. पत्नी जाऊन चार वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. शेवटच्या शुक्रवारी त्याने स्क्रेपर तेलाच्या कापडात गुंडाळला, माझ्या बाजूच्या बेडकडे पाहिले आणि विचारले, "तू राहतोस?"

"नोंदी करायच्या आहेत," मी म्हणालो.

"असे," तो म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्याचे घर माझ्या घरापासून त्सुफेनहाउझेन उपनगराला जाणाऱ्या एकाच ट्रामवर तीन थांबे पुढे. बारा वर्षे आम्ही एकमेकांना थांब्यावर पाहतो आणि मान हलवतो. तो दारूत बुडाला नाही. कोणत्या आनंदात फुललाही नाही. त्याने बागेचा एक तुकडा घेतला, कारण सकाळी सहाला उठणाऱ्या माणसाला सात वाजता कुठेतरी असावे लागते. पगाराने त्याचे भाडे दिले. सात वाजल्यानंतर कुठे असावे, हे सांगणे पगाराचे काम नव्हतेच.

माझे मात्र सांगतो. निवृत्त झाल्यापासून मी या शहरात वाद घालायला माणूस शोधत असतो. मुलगा ऐकतो, नात जर्मनमध्ये उत्तर देऊन खोलीत जाते. मंडळात मला मान आहे. मानाच्या माणसाला कोणी खोडत नाही. स्वयंपाकघरातला ओटा मी हाताने चाचपतो आणि मनात म्हणतो, इथे उंच आहे. हे ज्याला सांगावे तो तीन थांब्यांवर राहतो.

परिसंवादाहून परतताना मी ट्राममध्ये त्या तिघांचेही पुन्हा एकदा खंडन केले. आमच्या सौ. सुमन खिडकीबाहेर पाहत ऐकत होत्या. पुष्कळ वेळाने म्हणाल्या, "अहो, त्या पोरांशी भांडलात, अध्यक्षांशी भांडलात. बारा वर्षांत एर्विनशी तेवढे भांडला नाहीत."

"त्याच्याशी भांडण्यासारखे काय आहे?"

"तेच म्हणते. काही नाही, तर थांब्यावर चपलांकडे कशाला बघता?"

मी घरी येऊन हा लेख लिहिला. लिहून झाल्यावर पुन्हा वाचला आणि मला तो निर्दोष वाटला. तिथेच मी थांबलो. पस्तीस वर्षांत स्वतःचा पृष्ठभाग मला निर्दोष वाटला, तेव्हा मी कधीही फडके उचलले नव्हते.

मागच्या गुरुवारी कागद खिशात घालून मी तीन थांबे पुढे गेलो. एर्विन बागेत क्विन्स नावाच्या आंबट फळाच्या झाडाखाली होता. बागेतल्या अवजारांच्या झोपडीच्या दारामागे खुंटीला फडके होते आणि फळीवर तेलाच्या कापडात गुंडाळलेला स्क्रेपर. धार ताजी होती. मी न विचारता पाहिले, त्याने न बोलता पाहू दिले.

"मी काही लिहिले आहे," मी म्हणालो. "तपासायला आणले आहे."

"कोणत्या भाषेत?"

"माझ्या. मी तुला तुझ्या भाषेत वाचून दाखवतो."

तो उलट्या बादलीवर बसला. मी वाक्यामागून वाक्य जर्मनमध्ये सांगत गेलो. चेरींच्या पडद्यापाशी तो हसला. त्याच्या पत्नीविषयीच्या वाक्यापाशी हातातला कोयता खाली ठेवला. मतदानापाशी आलो, तेव्हा त्याने हात वर केला.

"शेवटचे वाक्य पुन्हा."

"मला ठेवून घेणार हे मला मतदानानंतर कळले."

"अजून," एर्विन म्हणाला.

मी कागदाची घडी घातली. मग सांगितले. मतदानाच्या आदल्या मंगळवारी कारखान्याच्या प्रमुखांनी मला खिडकीपाशी नेले आणि म्हणाले, की नोंदींसाठी त्यांच्या मनात माझे नाव आहे. कागदावर काही नव्हते, म्हणून मी स्वतःला सांगितले की मला काही कळलेले नाही. मत मी चौतीस जणांसाठी दिले, हे खरे. पण त्या मंगळवारनंतर माझा हात पट्टीवर कुठे दाबत होता, ते मी तपासले नाही. चार जणांच्या यादीत चार जण एकमेकांना आवरतात. मी एकटा होतो आणि एकटेपणाला सचोटी समजलो. मला आवरणारा माणूस माझ्या यादीत दुसरा होता, आणि गुप्ततेच्या बंधनाच्या मागे उभा राहून मी त्याला काहीच विचारले नाही.

एर्विन म्हणाला, "पगार चांगला होता. मी एकही महिना नाकारला नाही. असा पगार सगळ्यांना मिळाला तरी माझी हरकत नाही." मग म्हणाला, "पण तुझ्या बाजूला ब्लू लावायचा हक्क माझा होता, गाजा."

"तू काय म्हणाला असतास?"

"हो म्हण, असेच म्हणालो असतो बहुतेक. कागद चांगला होता. मग घरी जाताना आपण दोघांनी नीट निरोप घेतला असता."

ते वाक्य मी वर तसेच ठेवले आहे, खोडलेले नाही. उंचवटा कुठे होता ते वाचकांना दिसू दे. संपादकांनीही त्याला हात लावू नये.

मी दुरुस्तीसह सगळा लेख त्याला दुसऱ्यांदा वाचून दाखवला. एर्विनने ऐकून घेतला, दारामागच्या खुंटीकडे पाहिले, आणि फडके घेतले नाही.

"अजून," तो म्हणाला. मग क्विन्सची चार फळे माझ्या पिशवीत टाकली. "गुरुवारी ये. सातला."

अंकाची मुदत बुधवारी संपते, म्हणून लेख आहे तसा देत आहे. सौ. सुमननी गजर सहाचा लावून ठेवला आहे.